फ्रीजरमधला बर्फ काढताना सुरी नको

पावसाळ्यात पालघर, बोईसर, तारापूर या किनारपट्टीवर कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. हवेतले हेच बाष्प आपल्या फ्रिजमध्येही शिरते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते, तर उणे १८ अंशांना जेमतेम १ ग्रॅम. दार उघडले की दमट हवा आत जाते, थंड होते आणि जादा बाष्प फ्रीजरच्या भिंतीवर हिमाच्या रूपात साचते.

बर्फ वाढला म्हणजे थंडावा वाढला, असे आपल्याला वाटते. घडते उलटेच. हिमकणांमध्ये हवा अडकलेली असते, त्यामुळे हा थर गोधडीसारखा उष्णता अडवतो. काँप्रेसरला जास्त वेळ चालावे लागते आणि वीज जास्त खर्च होते. म्हणून थर अर्ध्या सेंटिमीटरचा झाला की तो काढावा.

मात्र सुरीने खरवडू नये. एकदारी फ्रिजमध्ये बहुधा फ्रीजरच्या पातळ ॲल्युमिनियमच्या भिंतीतच शीतक वायूचे मार्ग असतात. पूर्वी तिथे सीएफसी असत. ओझोनच्या थराला ते घातक म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानंतर ते हळूहळू हटले. आजच्या पुष्कळ फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो. तो ओझोनला अपाय करत नाही, पण पेट घेतो. भिंतीला भोक पडले तर फ्रिज निकामी होतोच, शिवाय ठिणगीने आगही लागू शकते.

मग करायचे काय? प्रथम कोरड्या हातांनी प्लग काढावा. डीफ्रॉस्टचे बटण फक्त काँप्रेसर थांबवते, वीज तोडत नाही. मासळी थर्मोकोलच्या खोक्यात बर्फ घालून ठेवावी. सातपाटीचे कोळी पापलेट बर्फात ठेवतात, ते याच तत्त्वावर. १ ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता शोषतो आणि तोवर त्याचे तापमान शून्यावरच राहते. फ्रीजरमधला बर्फ सावकाश वितळतो, तोही यामुळेच. आत फडक्यावर गरम पाण्याचे भांडे ठेवले की काम लवकर होते. विजेचा हेअर ड्रायर नको. सारे कोरडे पुसून मगच प्लग लावावा. पूर्ण वितळलेली मासळी पुन्हा न गोठवता लगेच शिजवावी.

जमलेले पाणी विद्यार्थ्यांना मापायला सांगावे, असे आम्ही सुचवतो. समजा, ते ३०० मिलिलिटर भरले आणि सारे हवेतूनच आले. मग किमान किती घनमीटर हवा फ्रिजमध्ये शिरली असेल? दहा! दार किती वेळा उघडावे, याचे उत्तर मुले मग स्वतःच देतील.