जुन्या लॅपटॉपवर हॅकिंगची लॅब: दुकानदाराला याचं काय काम?

व्हिडिओत मी स्क्रीनवर सगळं पटापट दाखवलं, इथे जरा सावकाश बोलू. क्लासमध्ये हा प्रश्न हमखास येतो, "सर, आपण किराणावाले, कपडेवाले. हॅकिंगशी आपला काय संबंध?" संबंध आहे. तुमची उधारी, जीएसटीची बिलं, गिऱ्हाइकांचे नंबर आज एका बिलिंग कॉम्प्युटरवर आहेत. त्याला नीट कुलूप आहे का, हे आपण कोणाला विचारतो? ज्याने तो बसवून दिला त्यालाच.

पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणजे मालकाच्या परवानगीने कुलूप उघडून बघणं. हे शिकायला 8 जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पुरतो. त्यावर व्हर्च्युअलबॉक्स टाका, फुकट आहे. त्यात दोन मशीन चालवायची. एक काली लिनक्स, ज्यात टेस्टिंगची टूल्स आधीच भरलेली असतात. दुसरं मेटास्प्लॉइटेबल 2, जे सरावासाठी मुद्दाम भोकं ठेवूनच बनवलंय.

आता थांबा. कालीचे अपडेट आधी उरकून घ्या आणि मग दोन्ही मशीनचं नेटवर्क 'होस्ट-ओन्ली' करा. म्हणजे ती एकमेकांशी आणि त्या लॅपटॉपशीच बोलतील, बाहेर नाही. 'ब्रिज्ड' ठेवलंत तर ते भोकांचं मशीन थेट तुमच्या घरच्या वायफायवर येऊन बसतं. आणि बिलिंगच्या लॅपटॉपवर हा उद्योग अजिबात नको!

पहिलं टूल एनमॅप. कालीवरून समोरच्या मशीनला स्कॅन केलं की कुठले पोर्ट, म्हणजे कुठले दरवाजे उघडे आहेत आणि त्यामागे कुठलं सॉफ्टवेअर आहे, त्याची यादी येते. 21 नंबरवर व्हीएसएफटीपीडी 2.3.4 दिसेल. याची गोष्ट भारी आहे. 2011 मध्ये याच्या डाउनलोडच्या फाइलमध्येच कोणीतरी चोरदरवाजा घुसवला होता. लॉगिनच्या नावात कोलन आणि कंस, म्हणजे आपला हसरा चेहरा टाइप केला की 6200 नंबरचा पोर्ट उघडतो आणि अख्ख्या मशीनचा ताबा मिळतो. पासवर्ड लागतच नाही. लॅबमध्ये हे स्वतः करून बघा, आणि मग 'क्रॅक' केलेलं बिलिंग सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर आणून देणाऱ्याकडे तुम्ही कसे बघता ते मला सांगा.

दुसरं वायरशार्क. ते सुरू ठेवून टेलनेटने लॉगिन करा. तुमचा पासवर्ड स्क्रीनवर सरळ वाचता येतो, पोस्टकार्डावरच्या मजकुरासारखा. बीबीएला आम्हाला बॅलन्स शीट शिकवलं, हे कोणी दाखवलं नव्हतं.

हात बसला की स्वतःच्या दुकानाचा राउटर, डीव्हीआर आणि बिलिंग मशीन यांच्यावर फक्त एनमॅपचा साधा स्कॅन करा, तोही दुकान बंद झाल्यावर. ताबा घेण्याचे प्रयोग लॅबमध्येच. डीव्हीआरवर 23 नंबर, म्हणजे टेलनेट, उघडा दिसला तर दुर्लक्ष करू नका. 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कॅमेरे आणि राउटर असेच पकडले होते, कंपनीने दिलेले तयार पासवर्ड टाकून टाकून.

शेजारच्या दुकानाचं वायफाय मात्र तुमचं नाही. कॉम्प्लेक्समधलं सामायिक कनेक्शनही नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000, कलम 43 आणि 66: परवानगीशिवाय आणि वाईट हेतूने शिरलात तर तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हेतू चांगला होता असं म्हणाल, पण ते पटवत कुठे बसणार? आणि वाईट हेतू नसला तरी कलम 43 खाली नुकसानभरपाई मागता येतेच.

काही जणांच्या डोक्यात आत्ताच बिझनेस आयडिया आली असेल, "बाजारपेठेत सिक्युरिटी चेकिंगची सर्व्हिस देऊ." माझं मत स्पष्ट आहे, एवढ्यावर नको. ते वेगळं शिक्षण आहे. तिथे काय तपासायचं, कधी तपासायचं याची लेखी परवानगी लागते आणि काही बंद पडलं तर जबाबदारी तुमची.

त्यापेक्षा उद्या सकाळी डीव्हीआर बसवणाऱ्याला फोन लावा. टेलनेट बंद करता येईल का, ॲडमिनचा पासवर्ड अजून कोणाकोणाकडे आहे आणि शेवटचं फर्मवेअर अपडेट कधी केलं, एवढं विचारा. "ते काय असतं साहेब?" असं उत्तर आलं, तर पुढच्या वर्षीचा एएमसी त्याला द्यायचा की नाही ते ठरवायला सोपं जाईल.