आभासी यंत्रांची अनियमित स्तब्धता : कारणे व निदान

आभासी यंत्रावरील कार्यप्रणाली अधूनमधून स्तब्ध होते, काही वेळाने पूर्ववत चालू लागते, आणि दोष नेमका कोठे होता हे अज्ञातच राहते. या प्रश्नाचे मूळ आभासी यंत्राच्या व्याख्येतच सापडते. पोपेक व गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये असे प्रतिपादिले की, आभासी यंत्रावर आज्ञावलीचे वर्तन मूळ यंत्रावरील वर्तनासारखेच असले पाहिजे. अपवाद दोनच, कालावलंबी फरक व साधनांची उपलब्धता. बहुतेक स्तब्धता या दोन अपवादांतूनच उद्भवते.

प्रथम काळाचा विचार करू. आभासी प्रोसेसर हे यजमान यंत्राच्या दृष्टीने इतर कामांसारखेच एक काम होय. गर्दी झाल्यास त्याला पाळीची वाट पाहावी लागते. कर्नलमधील कुलूप हाती असतानाच त्याची पाळी संपली, तर त्या कुलपासाठी थांबलेले इतर प्रोसेसरही व्यर्थ फिरत राहतात. लिनक्सच्या मूळ मांडणीत प्रोसेसर सुमारे २० सेकंद अडकून पडल्यास 'सॉफ्ट लॉकअप'ची सूचना उमटते. परंतु ती कर्नलच्या दोषाचा निर्णायक पुरावा नव्हे. केव्हीएम व झेन यांवर हिरावलेला काळ 'स्टील टाइम' म्हणून नोंदला जातो. तो वाढलेला दिसल्यास शोध यजमानाकडे वळवावा.

दुसरा अपवाद साधनांचा. एखादी प्रक्रिया १२० सेकंद अखंड प्रतीक्षेत राहिल्याची सूचना आली व स्टील टाइम अल्प असेल, तर साठवणुकीची तपासणी आधी करावी. स्तब्धतेच्या वेळा स्नॅपशॉटच्या वेळांशी जुळतात काय, हेही पाहावे. यजमानाने आभासी यंत्राची स्मृती डिस्कवर हलविली असल्यास आतून स्मृतीची टंचाई मुळीच दिसत नाही.

ही दोन्ही कारणे निकालात निघाली, आणि बाहेरून पाहता प्रोसेसर मात्र पूर्ण वेगाने फिरत असला, तरच आतील कर्नल किंवा चालक-आज्ञावली यांवर संशय घेणे युक्त ठरते. अशा वेळी यजमानाकडून एनएमआय पाठवून, आधी सिद्ध ठेवलेल्या केडंपद्वारे स्मृतीची प्रत घेता येते.

यंत्र तत्काळ पुन्हा सुरू केल्यास सेवा परत मिळते. पण स्मृतीतील पुरावा नष्ट होतो आणि दोष तसाच राहतो. शिवाय स्तब्ध यंत्र स्वतःची नोंद लिहू शकत नाही. म्हणून नोंदी सीरियल कन्सोलवाटे बाहेर साठवाव्यात, यजमान व आभासी यंत्र यांची घड्याळे जुळवून ठेवावीत, आणि एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहावा. आतील व बाहेरील नोंदी एकाच कालरेषेवर मांडल्याविना निदान हा केवळ तर्कच राहतो.