छातीतली गाठ : घाबरू नका, पण लपवूही नका



गळीत हंगाम सुरू झाला की तोड, वाहतूक आणि वजनकाटा यांच्या गडबडीत घरातल्या बाईचे दुखणे मागे पडते. त्यातून ते छातीचे असले, तर ती नवऱ्यापाशीसुद्धा बोलत नाही. म्हणून आज अशाच एका, क्वचित आढळणाऱ्या आजाराची माहिती देत आहोत. डॉक्टर त्याला ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस म्हणतात. 1972 साली केसलर व वोलॉक या डॉक्टरांनी त्याचे प्रथम वर्णन केले.

हा आजार बहुधा मूल झालेल्या, तिशीच्या आसपासच्या बायकांना होतो. तोही अंगावरचे पाजणे सुटल्यावर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी. एका बाजूला टणक, दुखरी गाठ येते, वर लाली चढते. पुढे गळू फुटून पू वाहतो. एक तोंड बुजले की दुसरे फुटते. कधी बोंड आत ओढले जाते, काखेत अवधाण येते. मूळ कारण वैद्यकाला अजून पक्के उमगलेले नाही. पण हा कॅन्सर नव्हे, आणि एकीचा दुसरीला लागतही नाही.

मग घोटाळा कुठे होतो? वरून पाहिले तर गाठ कॅन्सरसारखीच दिसते आणि घर हादरते. दुसरे, स्तनाचा क्षयही असाच दिसतो. तेव्हा नुसत्या अंदाजावर सहा-सहा महिने क्षयाची औषधे चालतात. तिसरे, साधे गळू समजून वरचेवर चिरा दिल्या जातात आणि जखम भरत नाही.

उभा ऊस वाळू लागला, तर हुमणी आहे की मर रोग, हे बांधावरून कळते का? मूळ उकरावे लागते, कांडे चिरून पाहावे लागते. इथेही तसेच आहे. आधी सोनोग्राफी, चाळिशी उलटली असेल तर मॅमोग्राफीही. मग जागा बधिर करून जाड सुईने गाठीचा बारीक तुकडा काढतात. त्याला बायोप्सी म्हणतात. तो तुकडा कॅन्सरसाठी तपासतात, तसाच क्षयाच्या व इतर जंतूंसाठीही. सुई लावल्याने गाठ पसरते ही भीती खोटी आहे.

निदान पक्के झाले की उपचार धीराचे. पू साठला तर सुईने काढतात, जंतू सापडले तर त्यांचे औषध देतात. सूज कमी व्हायला स्टिरॉइडच्या गोळ्या देतात. मात्र क्षय नाही याची खात्री करूनच. या गोळ्यांनी साखर व रक्तदाब वाढू शकतो, म्हणून तपासणी चालू ठेवावी आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. सौम्य आजार काही जणींत औषधाशिवायही बरा होतो. पण वेळ लागतो, कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त. आणि पुन्हा उलटूही शकतो. मोठ्या शस्त्रक्रियेची गरज थोड्यांनाच पडते.

पुण्यात ससून रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागात दाखवता येईल. जवळच्या सरकारी दवाखान्यातून चिठ्ठी घ्यावी, जुने रिपोर्ट बरोबर न्यावेत. लेप, चटके, झाडपाला यांत दिवस घालवू नयेत.

सासूबाईंनी सुनेला आणि नवऱ्याने बायकोला एकदा आपणहून विचारावे. उसाची तोड दोन दिवस पुढे गेली तरी चालेल. ही तपासणी मागे पडता कामा नये.