उंची : सेंटिमीटरमधली आणि मनातली

शाळेत प्रार्थनेची रांग उंचीप्रमाणे लागते. सर्वांत बुटका मुलगा पुढे, सर्वांत उंच मुलगा मागे. मांडणी सोयीची आहे, पण ती रोज, वर्षानुवर्षे होते. पुढे उभ्या राहणाऱ्या मुलाला आपली जागा मग कोणी सांगावी लागत नाही. त्यातच 'टिंगू', 'बुटक्या' अशी नावे पडतात. सहावी-सातवीत मुली भराभर उंच होतात आणि काही मुलगे मागे राहतात. मग दाराच्या चौकटीला लोंबकळणे सुरू होते, जाहिरातीतली पावडर घरात येते. अलीकडे यात एका नव्या गोष्टीची भर पडली आहे : पायाचे हाड कापून पाय लांब करण्याची शस्त्रक्रिया. "सर, हे खरंच होतं का?" असे विद्यार्थी विचारतात. उत्तर 'होय' असे आहे. म्हणूनच ते पुरतेपणी देता यायला हवे.

हाड लांब कसे होते?

मांडीच्या किंवा नडगीच्या हाडाच्या टोकांजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते. वाढीच्या वयात तिथल्या पेशी विभागत राहतात, मागच्या पेशींच्या जागी हाड तयार होते आणि हाड लांब होते. पौगंडावस्थेच्या अखेरीस ही चकती स्वतःच हाड बनते आणि उंचीची वाढ थांबते. मुलींमध्ये हे साधारणपणे १४ ते १६ व्या वर्षी घडते, मुलग्यांमध्ये १६ ते १८ व्या वर्षी. त्यानंतर कोणतीही पावडर किंवा व्यायाम हाड लांब करू शकत नाही. लोंबकळल्यावर उंची किंचित वाढलेली दिसते, ती मणक्यांमधल्या चकत्यांवरचा भार कमी झाल्यामुळे. त्याच कारणाने आपण सकाळी उठल्यावर संध्याकाळपेक्षा सुमारे १ सेंटिमीटर उंच असतो.

चांगले पोषण मिळालेल्या समाजात माणसामाणसांतील उंचीच्या फरकाचा सुमारे ८० टक्के भाग आनुवंशिकतेचा असतो. डॉक्टर एक ढोबळ अंदाज वापरतात. आईवडिलांच्या उंचीची बेरीज करायची. मुलगा असेल तर तीत १३ सेंटिमीटर मिळवायचे, मुलगी असेल तर वजा करायचे आणि निम्मे करायचे. वडील १६५, आई १५२ असतील, तर मुलाचा अंदाज १६५ आणि मुलीचा १५२ सेंटिमीटर येतो. प्रत्यक्ष उंची याच्या सुमारे ८ सेंटिमीटर खाली-वर असू शकते.

कुर्गानचा डॉक्टर

पाय लांब करण्याचे प्रयत्न जुने आहेत. इटलीतील बोलोन्या येथील कोडिव्हिला यांनी १९०५ साली असे उपचार प्रसिद्ध केले होते. पण भरवशाची पद्धत शोधली ती सैबेरियातील कुर्गान येथील डॉ. गाव्रील इलिझारोव्ह (१९२१–१९९२) यांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर न जुळलेल्या हाडांचे रुग्ण त्यांच्याकडे येत. पायाभोवती धातूची कडी, हाडातून आरपार ताणलेल्या बारीक तारा आणि कड्यांना जोडणारे आटे असलेले दांडे, असे साधन त्यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी बनवले. तुटलेली टोके जवळ आणण्यासाठी ते होते. सांगतात ते असे, की एका रुग्णाने आटे उलटे फिरवले आणि फटीत नवे हाड दिसू लागले!

पुढच्या प्रयोगांतून नियम हाती आला. हाड काळजीपूर्वक कापायचे, काही दिवस थांबायचे, मग टोके रोज १ मिलिमीटर दूर न्यायची, तेही एकदम नव्हे तर पाव-पाव मिलिमीटर चार वेळा. फटीत मऊ हाड तयार होत जाते आणि ताण थांबवल्यावर ते टणक होते. वेग जास्त झाला तर हाड बनत नाही; कमी झाला तर वेळेआधीच जुळून येते. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधील उंच उडीचे विजेते वालेरी ब्रुमेल यांचा पाय १९६५ साली मोटरसायकल अपघातात चिरडला होता. १९६८ मध्ये इलिझारोव्ह यांच्याच उपचारांनी तो सावरला. जन्मतः एक पाय आखूड असलेल्या असंख्य मुलांना ही पद्धत वरदान ठरली आहे.

निरोगी पायाचा हिशेब

आता हीच पद्धत निरोगी माणसाने ५ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम २ इंचांसाठी वापरली तर? दोन्ही पायांची हाडे कापावी लागतील. ताणण्यासच ५० दिवस लागतील. नवे हाड टणक होण्यास दर सेंटिमीटरमागे एक महिना किंवा अधिक धरावा लागतो. म्हणजे सहा महिने ते वर्षभर नेहमीचे जीवन बाजूला राहते. अलीकडे हाडाच्या पोकळीत बसणारी, बाहेरून चुंबकाने लांबवता येणारी सळईही वापरतात. तिने जखमा कमी होतात, पण हाडाला लागणारा वेळ तोच राहतो.

शिवाय हाड वाढले तरी स्नायू आणि नसा मागून ओढल्या जातात. सांधे आखडणे, नस दुखावणे, तारांच्या जागी जंतुसंसर्ग, हाड न जुळणे हे धोके असतात. रोजची फिजिओथेरपी वेदनादायक असते. चीनमध्ये अशा तक्रारी वाढल्यावर २००६ साली सरकारने केवळ सौंदर्यासाठी ही शस्त्रक्रिया करण्यास बंदी घातली.

मोजपट्टी कुणाच्या हातात?

इतके सोसायला माणूस तयार का होतो? १९६८ साली ऑस्ट्रेलियात पॉल विल्सन यांनी एक सुंदर प्रयोग केला. एकाच पाहुण्याची वेगवेगळ्या वर्गांशी ओळख करून दिली : एका वर्गाला तो विद्यार्थी म्हणून सांगितला, पुढच्यांना चढत्या पदांचा, शेवटच्या वर्गाला प्राध्यापक म्हणून. नंतर त्याची उंची अंदाजाने लिहायला सांगितली. पद वाढले तशी उंची वाढली! विद्यार्थी आणि प्राध्यापक यांत सुमारे अडीच इंचांचा, म्हणजे ६ सेंटिमीटरचा फरक पडला. माणूस तोच होता.

आपण उंचीला मान देतो आणि मानाला उंची देतो. नेपोलियन बुटका होता हा समज असाच. त्याची ५ फूट २ इंच ही नोंद जुन्या फ्रेंच मापातली. त्या मापातला इंच सुमारे २.७ सेंटिमीटरचा होता. म्हणजे तो सुमारे १६८ सेंटिमीटर, त्याच्या काळातल्या फ्रेंच माणसाइतका तरी होताच. त्याला ठेंगू केले ते ब्रिटिश व्यंगचित्रकारांनी.

मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ साली मांडले, की स्वतःची किंमत ठरवताना माणूस आसपासच्यांशी तुलना करतो. त्यामुळे २ इंच वाढले तरी तुलना संपतेच असे नाही; आणखी उंच कुणीतरी शेजारी असतोच. स्वतःच्या शरीरातल्या एकाच उणिवेचा ध्यास घेतलेल्या व्यक्तीचे समाधान शस्त्रक्रियेने सहसा होत नाही. अशा व्यक्तीला आधी मानसोपचारतज्ज्ञाची गरज असते.

वर्गात काय करता येईल?

विद्यार्थ्यांची उंची दर सहा महिन्यांनी, शक्यतो एकांतात मोजावी आणि नोंद ठेवावी. पाच वर्षांनंतर व वयात येण्यापूर्वी एखाद्या मुलाची वाढ वर्षाला ४ सेंटिमीटरपेक्षा कमी होत असेल, तर पालकांना डॉक्टरांकडे पाठवावे. थायरॉईड किंवा वाढीच्या संप्रेरकाची कमतरता असल्यास चकत्या बंद होण्याआधीच उपचार लागू पडतात. सकाळ-संध्याकाळच्या उंचीतला फरक मोजण्याचा प्रयोग वर्गात जरूर करावा. विल्सनचा प्रयोगही नव्या पाहुण्यावर दोन तुकड्यांत करून पाहता येईल.

आणि प्रार्थनेची रांग अधूनमधून हजेरी क्रमांकाने लावून पाहावी. त्या पाहुण्याला ६ सेंटिमीटर उंच करायला एक हाडही कापावे लागले नव्हते. त्याची ओळख कशी करून दिली, एवढ्यानेच ते घडले. आपल्या विद्यार्थ्यांची ओळख रोज आपणच करून देत असतो.