विश्लेषण : वाय-फाय जोडलेले, तरी इंटरनेट का नाही? नेटवर्कचे पत्ते वाटणारी ‘डीएचसीपी’ यंत्रणा कशी चालते?

अभ्यासिकेत किंवा मंगल कार्यालयात वाय-फायचा पासवर्ड बरोबर टाकला, सिग्नलही पूर्ण आहे; तरी फोन ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ या संदेशावरच अडकतो. शेजारी बसलेल्याचे इंटरनेट मात्र सुरळीत सुरू असते. अशा वेळी दोष अनेकदा इंटरनेट कंपनीचा नसतो, तर राउटरकडचे पत्ते संपलेले असतात. हे पत्ते वाटण्याचे काम ‘डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल’ म्हणजेच डीएचसीपी करते.

डीएचसीपीची गरज का भासली?

नेटवर्कवरील प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र आयपी पत्ता लागतो. पूर्वी तो प्रत्येक संगणकावर हाताने भरावा लागे. एकच पत्ता चुकून दोन संगणकांना दिला गेला, तर दोन्हींच्या जोडणीत अडथळा येई. १९८५ मध्ये आलेल्या ‘बूटपी’ या पद्धतीत पत्ता सर्व्हरकडून मिळू लागला. पण कोणत्या यंत्राला कोणता पत्ता द्यायचा, याची यादी आधी कुणीतरी तयार करावी लागे. डीएचसीपीने ही अडचण दूर केली. तिचे पहिले मानक १९९३ मध्ये आले आणि मार्च १९९७ मधील ‘आरएफसी २१३१’ हे मानक आजही तिचा पाया आहे. अमेरिकेतील बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रोम्स हे त्याचे लेखक.

पत्ता नेमका कसा मिळतो?

फोनमध्ये ‘क्लायंट’ सॉफ्टवेअर असते, तर राउटरमध्ये ‘सर्व्हर’. दोघांत चार संदेशांची देवाणघेवाण होते. ‘कुणी पत्ता देणारे आहे का?’ अशी हाक फोन संपूर्ण नेटवर्कला देतो (डिस्कव्हर). सर्व्हर एक मोकळा पत्ता देऊ करतो (ऑफर). फोन तोच पत्ता रीतसर मागतो (रिक्वेस्ट) आणि सर्व्हर त्यावर शिक्कामोर्तब करतो (अ‍ॅकनॉलेजमेंट). याच संवादात बाहेर जाण्याचा मार्ग, म्हणजे गेटवे, आणि संकेतस्थळांची नावे शोधून देणारा डीएनएस सर्व्हर यांची माहितीही मिळते. एरवी हे सारे डोळ्याची पापणी लवते न लवते तोच उरकते.

मग पत्ते संपतात कसे?

हा पत्ता मालकीचा नसतो, भाड्याचा असतो. त्याच्या मुदतीला ‘लीज’ म्हणतात. निम्मी मुदत उलटली की फोन नूतनीकरण मागतो. मात्र वाय-फायच्या टप्प्यातून बाहेर पडणारा फोन बहुतेक वेळा पत्ता परत न करताच निघून जातो. मुदत संपेपर्यंत तो पत्ता त्याच्याच नावावर राहतो.

समजा, अभ्यासिकेच्या राउटरकडे वाटायला १०० पत्ते आहेत आणि लीज २४ तासांची आहे. सकाळी ८० फोन जोडले गेले. ते विद्यार्थी घरी गेल्यावर संध्याकाळी नवे ४० जण आले, तर त्यांतील २० जणांना पत्ताच मिळणार नाही. खोली निम्मी रिकामी, पण राउटरच्या वहीत ‘जागा भरली’! पत्ता न मिळाल्यास विंडोज संगणक स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा तात्पुरता पत्ता घेतो. त्यावर इंटरनेट चालत नाही. म्हणून असा पत्ता दिसला, तर डीएचसीपीकडून उत्तर आलेले नाही, असे समजावे.

यात धोका कोणता?

ही यंत्रणा विश्वासावर चालते. उत्तर देणारा सर्व्हर खरा की तोतया, हे फोन सहसा तपासत नाही. त्याच नेटवर्कवर कुणी बनावट सर्व्हर चालवला आणि त्याचे उत्तर आधी पोहोचले, तर चुकीचा गेटवे किंवा डीएनएस देऊन वापरकर्त्याची वाहतूक वळवता येते. मे २०२४ मध्ये उघड झालेल्या ‘टनेलव्हिजन’ तंत्रात डीएचसीपीच्या ‘ऑप्शन १२१’चा वापर करून व्हीपीएनबाहेर वाहतूक नेता येते, असे संशोधकांनी दाखवले. अँड्रॉइडमध्ये हा पर्यायच नसल्याने ते त्यातून सुटले. कार्यालयांतील स्विचवर ‘डीएचसीपी स्नूपिंग’ सुरू केल्यास अनधिकृत सर्व्हरची उत्तरे अडवता येतात.

उपाय काय?

गर्दी सतत बदलणाऱ्या ठिकाणी लीज एक-दोन तासांची ठेवावी. नेहमीच्या १९२.१६८.१ मालिकेत उपकरणांना देता येण्याजोगे २५४ पत्ते असतात आणि त्यातील एक राउटरचा असतो. वाटपाची मर्यादा त्याहून कमी ठेवली असल्यास ती वाढवावी. प्रिंटर, सीसीटीव्ही यांच्यासाठी ठरावीक पत्ते राखून ठेवावेत. टप्पा वाढवण्यासाठी दुसरा राउटर जोडला असेल, तर त्याची डीएचसीपी सेवा बंद करावी; नाहीतर एकाच घरात पत्ते वाटणारे दोघे होतात. फोनधारकाने वाय-फाय बंद करून पुन्हा सुरू करून पाहावे. तरीही पत्ता मिळत नसेल, तर पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकण्यात अर्थ नाही. राउटर सांभाळणाऱ्याला लीजची मुदत विचारावी.