एकाच नावाचे दोन प्रोसेसर : आवृत्ती कशी ओळखावी?

संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी काही उपयुक्त लिहावे अशी चिटणिसांची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही मुलांच्या वाचनाविषयी चार शब्द लिहिण्याच्या बेतात होतो. पण मध्यंतरी केरीच्या संगणक-खोलीत एक प्रकरण उपस्थित झाले आणि विषय आपोआप बदलला.

दि. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार संपला, हे बहुतेकांस ठाऊक असेलच. देणगीदाखल आलेल्या यंत्रांपैकी कोणती विंडोज ११ वर न्यावी व कोणती लिनक्सवर ठेवावी, हे ठरविण्याचे काम आमच्याकडे आले. त्यांत एकाच कंपनीचे, दिसायला जुळे असे दोन लॅपटॉप होते. दोहोंवर ‘आठवी पिढी’ अशी चिकटपट्टी. एकाने नवी प्रणाली मुकाट्याने घेतली, दुसऱ्याने साफ नाकारली. खोलीची देखरेख आमचा एक माजी विद्यार्थी विनावेतन करतो. ‘पोराने आतला चांगला भाग काढून हलका घातला असावा,’ अशी कुजबुज सुरू झाली. आरोप लहान नव्हता. ज्या मुलाने दोन पावसाळे ती यंत्रे दमट खाऱ्या वाऱ्यापासून जपली, त्याच्यावर चोरीचा बट्टा लागत होता.

यंत्राच्या तोंडूनच साक्ष काढावी असे आम्ही ठरविले. ती कशी काढली, हे सांगण्यापूर्वी मूळ गोष्ट समजून घेतली पाहिजे.

पुस्तकाचे उदाहरण घ्या. नाव एक, लेखक एक. पण पहिली आवृत्ती वेगळी, दुसरी वेगळी, आणि दुसरीचे सुधारून केलेले पुनर्मुद्रण आणखी वेगळे. वरच्या पुठ्ठ्यावरून ते कळत नाही, आतले पान उलटावे लागते. प्रोसेसरचेही तसेच आहे. त्याच्या आत तीन अंक कोरलेले असतात : ‘फॅमिली’ म्हणजे घराणे, ‘मॉडेल’ म्हणजे आराखड्याची आवृत्ती आणि ‘स्टेपिंग’ म्हणजे त्या आवृत्तीचे सुधारित पुनर्मुद्रण. कारखान्यात चूक सापडली किंवा वीज कमी खाण्याची युक्ती साधली, की आराखड्यात किंचित बदल करतात व बहुधा स्टेपिंगचा अंक पुढे सरकतो. विक्रीचे नाव मात्र तेच राहते. (‘कोअर’ हा शब्द येथे फार घोटाळा करतो. तो इंटेलच्या मालाचे नाव आहे, आतल्या गाभ्यांची संख्या सांगतानाही तोच येतो आणि आराखड्यालाही लोक तेच म्हणतात. दुकानदार यांपैकी कोणत्या अर्थाने बोलतो आहे हे आधी विचारून घ्यावे.)

पुनर्मुद्रणाचे महत्त्व जगाला पटले ते पेन्टियममुळे. १९९३ साली बाजारात आलेल्या या प्रोसेसरच्या उभारणीत पुण्यात जन्मलेले विनोद धाम यांचा मोठा वाटा होता. १९९४ मध्ये अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना जुळ्या मूळ संख्यांवरील आकडेमोड करताना उत्तरे जुळेनात. शोधाअंती दोष प्रोसेसरच्याच भागाकारात निघाला. आत कोष्टकाची काही घरे रिकामी राहिली होती. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागल्यास उत्तर १.३३३८२० यावयास हवे, तेथे तो १.३३३७३९ देई. पाढे चुकणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही उभे करतो. येथे कंपनीला उभे राहावे लागले. डिसेंबर १९९४ मध्ये इंटेलने मागेल त्याला प्रोसेसर बदलून देण्याचे मान्य केले, आणि त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसला. सदोष कोणता व निर्दोष कोणता, हे नावावरून नव्हे, स्टेपिंगवरून ठरत होते.

आपल्या खोलीतलेच दुसरे उदाहरण पाहा. कोअर टू क्वाड क्यू-६६०० हा चार गाभ्यांचा प्रोसेसर २००७ सालचा. त्याच वर्षी त्याचे सुधारित पुनर्मुद्रण निघाले. पहिल्याची खूण बी-३, दुसऱ्याची जी-०. वेग दोहोंचा २.४ गिगाहर्ट्‌झ, नाव अक्षरशः तेच. पण पहिल्यासाठी १०५ वॉट उष्णतेचा हिशेब धरावा लागतो, दुसऱ्यासाठी ९५. एप्रिल-मेच्या उकाड्यात पत्र्याखालच्या खोलीत या दहा वॉटचे मोल कळते. पाठीवर कोरलेला सांकेतिक शब्द पाहिला, तर बी-३ वर ‘एसएल९यूएम’ आणि जी-० वर ‘एसएलएसीआर’ असते. तो वाचण्यासाठी पंखा उतरवून लेप पुसावा लागतो, म्हणून हौसेखातर कोणी उघडू नये.

न उघडता पाहण्याचा मार्ग सोपा आहे. विंडोजच्या काळ्या आज्ञा-खिडकीत ‘सिस्टिमइन्फो’ हा शब्द इंग्रजीत, सलग टंकित करावा. उत्तरात प्रोसेसरच्या ओळीत फॅमिली, मॉडेल, स्टेपिंग असे तीन अंक मिळतात. लिनक्सवर ‘एलएससीपीयू’ लिहावे. कित्येक तक्त्यांत मात्र हेच तीन अंक एकत्र करून षोडशमान पद्धतीने छापतात, तेथे आमचे विद्यार्थी गडबडतात. या पद्धतीत नऊनंतर ए म्हणजे दहा, बी म्हणजे अकरा, असे एफ म्हणजे पंधरापर्यंत मोजतात. जी-० ची खूण ६एफबी आहे : घराणे ६, मॉडेल १५, स्टेपिंग ११. बी-३ ची ६एफ७, म्हणजे स्टेपिंग ७.

आता आमचे जुळे. दोहोंनी सांगितले : फॅमिली ६, मॉडेल १४२. (तक्त्यात हे ८ई असे दिसेल : आठ सोळे एकशे अठ्ठावीस, अधिक चौदा.) फरक शेवटच्या अंकात होता. एकाचे स्टेपिंग १०, दुसऱ्याचे ९. नावाची ओळ पाहता पहिला निघाला आय-५ ८२५०यू, चार गाभ्यांचा, खराखुरा आठव्या पिढीचा. दुसरा आय-५ ७२००यू, दोन गाभ्यांचा, सातव्या पिढीचा. विंडोज ११ ची यादी इंटेलच्या बाबतीत, मोजके अपवाद वगळता, आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणजे नकार यंत्राच्या जन्मापासूनचा होता. शिवाय या जातीचे प्रोसेसर मुख्य पाटीवर डाखलेले असतात. पेचकस घेऊन बसणाऱ्या पोराने ते अदलाबदल करावे हे संभवनीयच नाही.

तरीही पाटीच बदलली नसेल कशावरून, असे एका सभासदांनी विचारले, आणि प्रश्न रास्त होता. मुंबईच्या देणगीदारांस फोन केला. त्यांनी जुनी पावती शोधून तिचे छायाचित्र पाठविले. तीवर ७२००यू असे स्पष्ट लिहिलेले. वरचे झाकण मागे एकदा फुटले तेव्हा दुरुस्तीत दुसऱ्या यंत्राचे बसवले, चिकटपट्टी त्यासोबत आली. आणि आमच्या नोंदवहीत ‘आठवी पिढी’ हे शब्द कोणाच्या हस्ताक्षरात होते म्हणाल, तर आमच्याच. यंत्र आले त्या दिवशी आम्ही चिकटपट्टी पाहून नोंद केली होती. दुसऱ्या दिवशी खोलीवर जाऊन त्या मुलाची सर्वांदेखत क्षमा मागितली.

असाच एक भुर्दंड पूर्वी बसला आहे. जुन्या यंत्रासाठी आम्ही ई-८४०० हा वापरलेला प्रोसेसर नऊशे रुपयांस आणला. खाचेत तो नीट बसला, पण पडदा काळाच. आमची पाटी जुन्या ६५ नॅनोमीटरच्या पिढीची, हा ४५ चा. खाच एक असली तरी पाटीला त्याची ओळख नव्हती. विक्रेत्याने विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. पैसा धर्मादाय होता, म्हणून ते नऊशे आम्ही पदरचे भरले. यास्तव पाटी बनविणाऱ्याची यादी खरेदीपूर्वी पाहावी. तीत प्रोसेसरच्या नावापुढे स्टेपिंग व पाटीची किमान बायॉस आवृत्ती बहुधा दिलेली असते.

स्टेपिंग जुने असले म्हणजे यंत्र टाकाऊ, असे मात्र नव्हे. २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउन व स्पेक्टर हे सुरक्षादोष उघड झाले, तेव्हा जुन्या प्रोसेसरांना प्रणालीतील दुरुस्त्या आणि ‘मायक्रोकोड’ या मार्गांनी सांभाळून घेण्यात आले. मायक्रोकोड म्हणजे पुस्तकाला मागाहून जोडलेले शुद्धिपत्र. यंत्र सुरू होताना प्रत्येक वेळी ते नव्याने वाचले जाते.

रमजानातल्या दोन दुपारी बसून आम्ही सर्व यंत्रांचे तीन-तीन अंक काढले व प्रत्येकाच्या बुडाशी रंगाने लिहिले. सातव्या पिढीचा तो लॅपटॉप आता लिनक्सवर चालतो आणि नववीची मुले त्यावर टंकलेखन शिकतात. नवी नोंदवही त्याच मुलाच्या ताब्यात आहे. ज्या कुटुंबांस घरचे यंत्र पाहून घ्यावयाचे असेल त्यांनी शनिवारी दुपारी ते खोलीवर आणावे. पावती असल्यास तीही सोबत असावी.