रयतेची वंशावळ कोठे शोधावी?

वंशावळ ही राजेरजवाड्यांची आणि इनामदारांची, अशी पुष्कळांची समजूत आहे. ज्याच्या आज्याने दुसऱ्याच्या वावरात सालगडी म्हणून जन्म काढला, त्याने आपले पूर्वज कोठे शोधावेत? हा प्रश्न आता हौसेचा राहिलेला नाही. २००० सालच्या जातपडताळणी कायद्याने जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर टाकला आहे. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांपूर्वीचा पुरावा साधारणतः मागितला जातो. कामगाराचे पोर कॉलेजात निघाले की हे काम युनियनच्या कचेरीत येते. म्हणून आम्हांस या दप्तरांची वाट शिकावी लागली.

जामचेच उदाहरण घेऊ. नागपूर-हैदराबाद रस्त्याला चंद्रपूरचा रस्ता येथे फुटतो. आज गाव समुद्रपूर तालुक्यात आहे. पण जुन्या कागदांत ते हिंगणघाट तहसिलीत पाहावे लागते. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा झाला, आणि १९५६ पर्यंत हा मुलूख आधी मध्यप्रांताच्या व मग मध्यप्रदेशाच्या कारभारात होता. म्हणून पुण्याकडे चालणारी दप्तरांची नावे येथे सगळीच चालत नाहीत.

येथे मालगुजारी होती. बंदोबस्ताच्या मिसलीत मालगुजार, त्याची कुळे, त्यांची वावरे आणि सारा यांची नोंद असे. मालगुजारी १९५१ साली गेली. पुढे १९५४-५५ चा अधिकार अभिलेख तयार झाला. ज्याच्या नावे थोडेही वावर होते, त्याचा माग या दोन दप्तरांत लागू शकतो. परंतु साऱ्यासाठी लिहिलेल्या कागदात, सारा भरण्याइतकी जमीनच नसलेला मजूर कसा यावा?

मजूर सापडतो तो कोतवाल बुकात. गावात जन्म किंवा मृत्यू झाला की कोतवालाने वर्दी द्यावी, असा नियम होता. गावगाड्यात अगदी खाली उभ्या असलेल्या, पुष्कळदा स्वतः निरक्षर असलेल्या या माणसामुळे मालगुजाराचा मुलगा आणि त्याच्या सालगड्याचा मुलगा एकाच बुकात आले.

ही नोंद वाचताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बारशाआधीच वर्दी जाई, म्हणून बाळाचे नाव पुष्कळदा नसते. बापाचे नाव, जात आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच असते. आडनाव असेलच असे नाही. जुन्या कागदांत 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'जौजे' म्हणजे अमक्याची बायको, 'कौम' म्हणजे जात, 'साकीन' म्हणजे राहणार. शिवाय पहिले बाळंतपण माहेरी होण्याची आपल्याकडे चाल आहे. आजोबांचा जन्म जामच्या पानांवर नसेल, तर पणजीच्या माहेरचे बुक पाहावे. ते माहेर कोणते, हे कचेरी सांगणार नाही. घरातली म्हातारीच सांगेल.

यासाठी शोध जिवंत माणसांपासून मागे न्यावा. प्रथम म्हाताऱ्यांना विचारून नावे आणि गावे लिहावीत. मग शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर पाहावे, मग कोतवाल बुकाच्या नकलेसाठी तहसिलीत अर्ज करावा. पूर्वज गिरणीत असल्यास त्याचे कागदही पाहावेत. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, हिंगणघाटची गिरणी १८८१ साली. प्रॉव्हिडंट फंडाच्या वारसपत्रात किंवा अपघाताच्या नुकसानभरपाईच्या अर्जात बायकामुलांची नावे असतात, आणि १९२३ च्या भरपाई कायद्यापासून असे अर्ज होत आले आहेत.

एकच नोंद मिळाली म्हणून हुरळून जाऊ नये. एका गावात एकाच नावाचे चार इसम असू शकतात. बाप, आजा, भाऊ, गाव ही नावे निदान दोन वेगळ्या कागदांत जुळली पाहिजेत. आणि जुळत नसेल तेथे पेन लावण्याचा मोह धरू नये. खाडाखोड झालेली नोंद साऱ्या भावकीचा पुरावा बुडवते.

या सर्व दप्तरांत स्त्रिया फार कमी आहेत. ती उणीव आपणच भरून काढू शकतो. श्रोत्यांनी घरी एक वही घालावी, आणि आईचे, आजीचे, पणजीचे नाव व माहेर तीत आधी लिहावे. सांगणारी माणसे आज घरात आहेत. हे काम पुढच्या वसंतापर्यंत ठेवू नये.